बंबघरासमोरची खानावळ

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी नगरपरिषदेत अग्निशमन अधिकारी आहे आणि ही खानावळ आमच्या बंबघरासमोरच आहे. तिच्या अग्निसुरक्षेचे कागद माझ्याच टेबलावरून जातात. म्हणून मी आणि माझी माणसं इथं पूर्ण पैसे देऊन जेवतो, चहाचेसुद्धा. अकरा वर्षांत हा नेम मोडलेला नाही. पुढचं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

कुठंही जेवायला गेलो तरी मी आधी आत जाऊन भट्टी बघतो. लेकीला हे माहीत आहे, मी परत येईपर्यंत ती काही मागवत नाही. इथल्या स्वयंपाकघराबद्दल मी खात्रीनं बोलू शकतो. एकोणीस किलोच्या दोन टाक्या मागच्या बोळात, उघड्यावर, जाळीच्या पिंजऱ्यात उभ्या ठेवलेल्या आहेत. पिंजरा तळापासून मोकळा आहे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत पसरत जातो आणि ठिणगीची वाट बघतो. पूर्वी याच टाक्या भट्टीच्या बगलेला होत्या आणि वर भिंतीवर बटणांचा बोर्ड होता. मी एकदाच सांगितलं. खानावळ चालवणाऱ्या काकांनी ऐन लग्नसराईत चार दिवस खानावळ बंद ठेवली, लोखंडी पाइप टाकून घेतला, बोर्ड दाराबाहेर नेला. चार दिवसांची कमाई गेली, पण तोंडातून शब्द काढला नाही. टाकी उतरवून घेताना ते कड्याच्या पट्टीवरची तपासणीची तारीख वाचतात. ‘बी-२७’ म्हणजे २०२७ च्या जूनअखेरपर्यंत, हे आता त्यांच्या वाढप्या पोरालाही येतं. आपल्यापैकी किती घरांत ती पट्टी बघितली जाते?

१४ एप्रिलपासून आमचा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्यानं भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. सकाळी त्यांना मानवंदना द्यायची, मग दिवसभर बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीसोबत बंब. त्या आठवड्यात एका दुपारी मी याच खानावळीच्या मागं कढईतलं तेल पेटवून दाखवलं होतं. पेटत्या तेलात पाणी ओतलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती जळतं तेल घेऊन वर उसळते. गॅस बंद करायचा, कढईवर झाकण सरकवायचं आणि तेल निवेपर्यंत ते उचलायचं नाही, एवढंच. पुढं पावसाळ्यात भजी तळताना खरंच कढई पेटली, तेव्हा तिथं स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी तेवढंच केलं. मी पोचलो तेव्हा त्या झाकणाकडं बघत शांत उभ्या होत्या.

आता जेवण. ताट १२० रुपयांना: ज्वारीच्या दोन भाकरी, एक सुकी भाजी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, भात. येसराचा मसाला मावशी घरीच भाजतात, त्यामुळं आमटीला जो खमंग वास येतो तो विकतच्या मसाल्याला येत नाही. सकाळी सुशीला मिळतो, चुरमुरे भिजवून लगेच फोडणीला टाकलेला, गिळगिळीत न झालेला. रविवारी मात्र गर्दीत पातळ भाजीला मीठ जास्त पडतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. आणि बायकापोरांना घेऊन निवांत बसायला दोनच टेबलं आहेत, ती वाढवायला हवीत.

पण मी हे लिहायला बसलो ते रात्रीच्या भाकरीसाठी.

सोयाबीन काढून रानात बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, लावली की आमच्या रात्री सुरू होतात. मागच्या हंगामात एका वस्तीवरून फोन आला. पोचलो तोवर ताडपत्री वितळून गेली होती. आमच्या बंबात पाच हजार लिटर पाणी मावतं; दोन नळ्या चालवल्या की ते बघता बघता संपतं. शेजारच्या विहिरीवर मोटर होती, पण रात्री वीज नव्हती. बनीम वरून विझली तरी पोटात धुमसत राहते, ती जेसीबीनं उकलून थर थर भिजवावी लागते. शेतकरी धुऱ्यावर बसून होता. त्याला काय बोलावं हे इतक्या वर्षांत मला सापडलेलं नाही. मी त्याच्या शेजारी थोडा वेळ बसलो आणि निघालो.

परत आलो तेव्हा अडीच वाजले होते. बंब फाटकातून आत वळला की समोरच्या माडीवर दिवा लागतो. मावशी तिथंच राहतात, आणि जाताना घंटा ऐकली की किती जण गेले ते मोजून ठेवतात. धूर खाल्ल्यावर घसा सोललेला असतो, जिभेला चव नसते, तिखट लागलं की उबळ येते. पूर्वी पोरं ताटं तशीच ठेवून उठायची. मावशींनी ते बघितलं, विचारलं काहीच नाही, आणि क्रम बदलला. आधी पातळ ताक आणि गुळाचा खडा. दहा मिनिटांनी भाकरी, आमटी बिनतिखटाची. “साहेब, आधी ताक प्या, भाकरी कुठं पळून जात नाही,” म्हणतात. त्या रात्री आमच्या सर्वांत लहान फायरमननं चार भाकरी खाल्ल्या. बिल दिवसाच्याच दरानं लागलं.

घरच्यांचंही सांगतो. लक्ष्मीपूजनाला मी कधीच घरी नसतो. २९ ऑक्टोबर २०१६ ला औरंगाबादच्या जिल्हा परिषद मैदानावर फटाक्यांची दुकानं जळून खाक झाली, तेव्हापासून आमच्याकडं फटाका बाजाराजवळ बंब उभाच ठेवतो. मग पूजा आटोपून बायको, आई आणि लेक अकराच्या सुमाराला खानावळीत येतात. कोपऱ्यातलं टेबल आमच्यासाठी धरून ठेवलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी पहिला घास घेतला आणि घंटा झाली. पहाटे परतलो तर आई आणि बायको घरी गेल्या होत्या, लेक मात्र मावशींच्या माडीवर झोपली होती. माझं ताट झाकून ठेवलेलं होतं आणि शेजारी तिचंही. पप्पा आल्यावर जेवते म्हणून तिनं हात लावला नव्हता, असं मावशी म्हणाल्या. मी तिला उठवलं. आमटी नव्यानं गरम झाली.

वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या शेतपूजेच्या सणाला, सगळा तालुका रानात जातो. संध्याकाळी पेटता हेंडगा, म्हणजे गवताचा पलिता, फिरवतात आणि कडब्याच्या गंज्या जवळच असतात, म्हणून आम्हाला त्या दिवशी हलता येत नाही. दुपारी मावशींची भज्जी आणि मडक्यातलं आंबील बंबघरात पोचतं. भज्जीत ओली तूर, वाटाणा, हरभरा, जे त्या दिवशी रानातून येईल ते सगळं असतं.

गिऱ्हाइकांना ती त्याच दिवशी मिळते, आदल्या संध्याकाळपर्यंत सांगून ठेवा. आणि गाडी फाटकासमोर लावू नका. काकांनी चुन्याची रेघ मारलेली आहे, तिच्या अलीकडं लावा.