'शोले'चे पार्श्वसंगीत स्वरलिपीत उतरवायचे आहे: म्यूजस्कोअर, डोरिको की सिबेलियस?

'शोले'मध्ये जय बाहेर बसून माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोर ठाकूरच्या हवेलीत राधा एकेक दिवा मालवत जाते. त्या प्रसंगाचे संगीत स्वरलिपीत उतरवण्याचे काम मी गेल्या पावसाळ्यात लातुरात हाती घेतले. लग्नसराईत वाजवणाऱ्या एका बँडच्या मास्तरांना तो तुकडा क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि युफोनियमसाठी लिहून हवा होता. मास्तर पोलीस बँडमधून निवृत्त झालेले असल्याने स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वर्तमानपत्रासारखे वाचतात, पण त्यांच्या ताफ्यातली निम्मी मुले अजून एकेक स्वर बोटाने मोजत वाचतात. राहुल देव बर्मन यांचे १९७५ सालचे ते संगीत आणि भानू गुप्ता यांनी वाजवलेला तो माउथ ऑर्गन छापील स्कोअरच्या, म्हणजे सर्व वाद्यांच्या एकत्र लिखाणाच्या, रूपात माझ्या हाती नव्हता, त्यामुळे ऐकून लिहिणे एवढाच मार्ग उरला. एकच तुकडा मी म्यूजस्कोअर, डोरिको आणि सिबेलियस या स्वरलिपी लिहिण्याच्या तिन्ही संगणक प्रोग्रॅममध्ये लिहून पाहिला. नांदेड, परभणी, बीड किंवा संभाजीनगरात बसून असेच काम करू इच्छिणाऱ्या संगीतशिक्षकाला, विद्यार्थ्याला किंवा बँड मास्तरला निवड करताना उपयोग व्हावा म्हणून ही तुलना लिहीत आहे.

प्रोग्रॅम कोणताही घेतला तरी एक गोष्ट आधी तपासावी लागते, कारण ती चुकली तर तिन्ही प्रोग्रॅम सारखेच चुकीचे लिहून देतात. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चालतो. तो जुन्या टीव्हीच्या किंवा डीव्हीडीच्या पाल पद्धतीत नेताना पुष्कळदा सरळ २५ चौकटींनी चालवला जात असे. त्यामुळे वेग चार टक्क्यांनी वाढतो आणि सूर जवळजवळ पाऊण अर्धस्वराने वर चढतो. तुमच्याजवळची प्रत अशी असेल, तर पेटीवर सूर लावताना तो काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठे तरी सापडेल आणि दोष आपल्या कानाचा आहे असे वाटू लागेल. म्हणून आधी प्रसंगाची लांबी दोन वेगवेगळ्या प्रतींवर सेकंदांत मोजावी आणि गरज पडल्यास ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये वेग आणि सूर दोन्ही एकदमच खाली आणावेत. ऐकताना लय निम्मी करून सूर तसाच ठेवण्याची सोयही तिथेच आहे, आणि माउथ ऑर्गनच्या दोन स्वरांमधला सरकता भाग ओळखण्यासाठी ती फार उपयोगी पडते.

आता खर्चाकडे वळू. म्यूजस्कोअर पूर्णपणे मोफत आहे, त्याचा स्रोत खुला आहे आणि तो विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतो. वाद्यांच्या संख्येवर त्यात मर्यादा नाही, ही सिनेसंगीताच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे, कारण व्हायोलिनचे दोन भाग, व्हिओला, चेलो, बास, फ्रेंच हॉर्न, बासरी, गिटार आणि तालवाद्ये एवढे नुसते मांडले तरी दहा-बारा ओळी सहज होतात. सिबेलियसची मोफत आवृत्ती चार वाद्यांवर थांबते, मधली सोळांवर थांबते आणि अमर्याद ओळींसाठी सर्वांत महाग आवृत्ती घ्यावी लागते. तिची वर्गणी दरसाल भरत राहणे हा आमच्याकडच्या छोट्या संगीतवर्गाला कायमचा भार होतो. डोरिकोचीही मोफत, मधली आणि पूर्ण अशी रचना आहे, मात्र पूर्ण आवृत्ती एकदा विकत घेतली की ती आपली होते आणि एका परवान्यावर तीन संगणकांवर वापरता येते. सिबेलियस आणि डोरिको या दोन्हींमध्ये शिक्षक-विद्यार्थ्यांना सवलत आहे, तेव्हा महाविद्यालयाचे ओळखपत्र असणाऱ्याने पूर्ण किंमत पाहून माघार घेऊ नये.

माझ्या मते निवडीचा खरा प्रश्न लयीचा आहे. पडद्यावरचा जय ठेक्याला बांधून वाजवत नाही. तो एखादा स्वर लांबवतो, पुढचा जरा उशिरा घेतो, आणि त्या उशिरातच त्या प्रसंगाची हुरहुर आहे. असे मोकळे वाजवणे बारांच्या (ठरावीक मात्रांच्या खंडांच्या) चौकटीत बसवताना पहिल्या प्रयत्नात बाररेषा हमखास चुकीच्या जागी पडतात. सातव्या ओळीपर्यंत गेल्यावर लक्षात येते की दुसऱ्या बारातच एक मात्रा कमी धरली होती. ही चूक दुरुस्त करताना तिन्ही प्रोग्रॅमचा स्वभाव कळतो.

डोरिकोत इन्सर्ट मोड चालू करून ती एक मात्रा घातली की पुढचे सगळे स्वर आपोआप सरकतात, बाररेषेवर पडणारा लांब स्वर स्वतःच दोन भागांत तुटून टायने (जोडणाऱ्या कमानीने) जोडला जातो आणि शेवटापर्यंतचे लिखाण नव्या मांडणीत नीट बसते. मात्रांचे चिन्ह न देता आधी नुसते स्वर लिहावेत आणि बाररेषा मागाहून टाकाव्यात, हेही त्यात सहज जमते. मी तसेच केले. आधी धून सलग लिहिली, मग ती चार दिवस ऐकली आणि त्यानंतरच ठरवले की चारचे बार कुठे आणि पाचचा एक बार कुठे घ्यायचा. म्यूजस्कोअरमध्ये मात्रांचे चिन्ह बदलले तर पुढचे बार नव्याने मांडले जातात, पण मध्येच मात्रा घातली तर तो एकटा बार लांबतो आणि बाकीचे जागच्या जागी राहतात. मोकळ्या लयीत कधी कधी हेच हवे असते, तरी चूक दुरुस्त करताना पुढचा भाग कापून एक मात्रा पुढे चिकटवावा लागतो. सिबेलियसमध्येही कापणे-चिकटवणे हाच मार्ग मला जवळचा वाटला. कान अजून खात्रीचा झालेला नसेल, तर या एका कारणासाठी डोरिकोची मोफत आवृत्ती तरी अवश्य वापरून पाहावी. माउथ ऑर्गन आणि गिटार एवढेच लिहायचे असेल तर ती पुरते.

चित्राबरोबर संगीत जुळवायचे असेल तर फरक आणखी वाढतो. डोरिको आणि सिबेलियसमध्ये व्हिडिओ जोडता येतो आणि दिवा मालवण्याच्या क्षणावर खूण ठेवता येते. डोरिकोच्या पूर्ण आवृत्तीत त्या खुणा मात्रेवर पडाव्यात म्हणून लय किती ठेवावी हे प्रोग्रॅमच शोधून देतो. शिवाय एका फाइलीत अनेक तुकडे स्वतंत्र 'फ्लो' म्हणून राहतात आणि प्रत्येकाला आपापला व्हिडिओ जोडता येतो, म्हणजे संपूर्ण चित्रपटाचे पार्श्वसंगीत एकाच ठिकाणी सांभाळता येते. सिबेलियसमध्ये 'लाइव्ह टेम्पो' नावाची सोय आहे. संगीत चालू असताना कळ दाबत लय द्यायची आणि तीच लय साठवून ठेवायची, अशी ती आहे. ज्याने कधी वाद्यवृंदासमोर उभे राहून हात हलवला आहे त्याला ती फार आवडेल. म्यूजस्कोअरमध्ये व्हिडिओ जोडण्याची सोय नाही.

तरीही काम अडत नाही. समजा चार-चार मात्रांचे आठ बार, म्हणजे ३२ मात्रा, घड्याळाने २६ सेकंदांत संपतात. ३२ ला ६० ने गुणून २६ ने भागले की मिनिटाला सुमारे ७४ मात्रा अशी लय मिळते. पुढच्या आठ बारांना २९ सेकंद लागत असतील तर लय ६६ वर येते. ही दोन्ही चिन्हे आपापल्या जागी ठेवून 'व्ही' कळीने लपवली की वाजताना लय सैल होते आणि कागद मात्र स्वच्छ राहतो. मी प्रत्येक चरणासाठी असे गणित वहीत मांडले होते. एक संपूर्ण दुपार गेली, पण कलाकाराने किती सैल सोडले आहे हे त्या आकड्यांमुळे जितके नेमके कळले तितके नुसत्या ऐकण्याने कळले नव्हते.

आवाजाच्या बाबतीत मोफत आणि विकत यांतले अंतर आता पुष्कळ कमी झाले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या म्यूजस्कोअर ४ बरोबर 'म्यूज साउंड्स' हा मोफत ध्वनिसंच मिळू लागला आणि त्यातली तंतुवाद्ये ऐकण्यासारखी आहेत. तो संच काही जीबींचा आहे. मोबाइलच्या डेटावर तो उतरवण्यापेक्षा महाविद्यालयातल्या किंवा ओळखीच्या कार्यालयातल्या जोडणीवर उतरवावा. एकदा उतरवला की इंटरनेट लागत नाही. कमी रॅमच्या संगणकावर जड आवाज कोणत्याही प्रोग्रॅममध्ये अडखळतात, अशा वेळी सोबतच येणारा साधा हलका ध्वनिसंच पुरेसा असतो आणि त्यात माउथ ऑर्गनही आहे. तबला, ढोलक आणि मादल यांची अडचण मात्र तिन्हीकडे आहे. ज्या जनरल मिडी या वाद्यांच्या ठरलेल्या यादीवर हे साधे ध्वनिसंच उभे आहेत तिच्यात सतार आणि शहनाई आहेत, पण तबला नाही. मी तालासाठी एका रेषेचा स्टाफ घेतला, त्यावर मात्रा मांडल्या आणि गीताच्या शब्दांच्या जागी 'धा धिं धिं धा' असे बोल देवनागरीत लिहिले. संगणकावर ते टकटक असेच वाजते, पण ढोलकवाल्या मुलाने कागद हातात घेताच बरोबर वाजवले. भातखंडे पद्धतीची स्वरलिपी यांपैकी कोणताच प्रोग्रॅम आपणहून मांडून देत नाही, त्यामुळे सरगम वाचणाऱ्यांसाठीही स्वरांखाली अशीच अक्षरे घालावी लागतात.

पार्ट, म्हणजे एकेका वाद्याचा वेगळा कागद, काढण्याच्या कामात तिन्ही भरवशाचे आहेत. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर कागदावरचा सी वाजवला की ऐकू येते ती काळी पाच, आणि ई फ्लॅट सॅक्सोफोनवर ऐकू येते काळी दोन. पूर्वी अरेंजर (वाद्यवृंदाची मांडणी लिहिणारे) ही स्वरबदली मनात करून रात्र-रात्र जागून प्रत्येक वादकाचा कागद हाताने लिहीत. गोव्याहून मुंबईला गेलेल्या वादकांनी आणि शंकर-जयकिशन यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या माणसांनी हिंदी चित्रसंगीताचे वाद्यवृंद अशाच हस्तलिखित कागदांवर उभे केले. आज एका बटणावर स्कोअर ऐकू येणाऱ्या सुरात दिसतो आणि पार्ट वाद्याच्या सुरात निघतो. डोरिकोची पाने हात न लावता सर्वांत देखणी येतात. म्यूजस्कोअरमध्ये पान उलटण्याच्या जागा मी स्वतः ठरवल्या, त्याला अर्धा तास लागला.

दीर्घकाळाचा विचार करताना फिनालेचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. १९८८ पासून जगभर वापरात असलेल्या त्या प्रोग्रॅमचा विकास थांबवल्याची घोषणा ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, आणि ज्यांच्या आयुष्याचे काम त्या फाइलींमध्ये होते त्यांना ते दुसरीकडे हलवावे लागले. म्हणून कोणत्याही प्रोग्रॅममध्ये लिहिले तरी काम संपताना म्यूझिकएक्सएमएल (स्वरलिपीच्या प्रोग्रॅममध्ये देवाणघेवाणीची फाइल) आणि पीडीएफ अशा दोन प्रती काढून पेनड्राइव्हवर ठेवाव्यात. म्यूझिकएक्सएमएल तिन्ही प्रोग्रॅम उघडतात. स्वर आणि मात्रा त्यात शाबूत राहतात, पानाची मांडणी मात्र पुन्हा करावी लागते. ऑटोसेव्हची मिनिटेही सेटिंगमध्ये जाऊन कमी करावीत. जुलैतल्या एका संध्याकाळी वीज गेली आणि माझे चौदा बार गेले, कारण मी ते तपासले नव्हते.

हक्कांचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण तो टाळून चालत नाही. बर्मन यांचे निधन ४ जानेवारी १९९४ रोजी झाले आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या निधनानंतर साठ वर्षे राहतो, म्हणजे या संगीताच्या बाबतीत तो २०५४ च्या अखेरपर्यंत आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी उतरवणे कायद्याला मान्य आहे, आणि लग्नाची मिरवणूक व लग्नाशी निगडित समारंभ यांत वाजवण्यासही कायद्याने सूट दिली आहे. तयार केलेला स्कोअर विकणे किंवा पीडीएफ सर्वांसाठी खुली करणे हे परवानगीशिवाय करू नये.

मला कोणी आज विचारले तर मी पूर्ण आठ-दहा वाद्यांसाठी लिहिणाऱ्या मास्तरांना आणि शाळेच्या शिक्षकाला म्यूजस्कोअरच सांगेन, कारण ताफ्यातल्या प्रत्येक मुलाला तो स्वतःच्या घरच्या संगणकावर घालता येतो आणि पार्ट वाजवून ऐकता येतो. चित्रपटाचे अनेक प्रसंग चित्रासह अभ्यासायचे असतील, किंवा पुढे पार्श्वसंगीताच्या क्षेत्रात काम करायचे असेल, तर पैसे जमवून डोरिको घ्यावे. सिबेलियस चांगले आहे, पण जिथे संस्थेत ते आधीपासून आहे किंवा जुन्या फाइली त्याच्याच आहेत, तिथेच ते निवडण्याला अर्थ आहे.

मास्तरांच्या हाती मी शेवटी म्यूजस्कोअरमधून काढलेले पार्ट दिले. शाळेच्या पटांगणात पहिल्या सरावाला क्लॅरिनेटवाला मुलगा सहाव्या बारात घाईने पुढे गेला. मास्तरांनी त्याच्या कागदावर त्या स्वराभोवती पेन्सिलने गोल केला, वर 'थांब' असे लिहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, हे छापूनच द्या, आणि अक्षर जरा मोठं करा." त्या रात्री मी स्टाफचे माप वाढवले, त्या स्वरावर फर्माटाचे, म्हणजे स्वर लांबवण्याचे, चिन्ह दिले आणि सगळे पार्ट पुन्हा काढले.