पन्नास सेंटची हिऱ्याची अंगठी, वर्षभर वापरून : माझे पाच सेंट कुठे गेले?

अंगठीची एक नखी सैल होऊन हिरा हलायला लागला, म्हणून घराजवळच्या सराफाकडे नेली. त्याने सहज माप घेतलं आणि माझं डोकं फिरलं. व्यास 4.9 मिलिमीटर, खोली 3.2. आमच्या जाऊबाईंचा हिरा 45 सेंटचा (सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग, दोन मिलिग्रॅम). तो वरून एवढाच दिसतो, कदाचित केसभर मोठाच! मग मी मोजलेले जास्तीचे पाच सेंट आहेत कुठे? हिऱ्याच्या पोटात आणि जाड गर्डलमध्ये, म्हणजे हिऱ्याच्या कमरेच्या कडेत. कच्च्या खड्यातलं वजन वाया जाऊ नये म्हणून हिरा असा खोल ठेवतात. त्यातून 50 सेंटला दराची पायरी चढते, म्हणजे न दिसणाऱ्या दहा मिलिग्रॅमसाठी सगळ्या हिऱ्याचाच भाव वरचा.

चमकेबद्दल माझी तक्रार जुनीच. घरच्या ट्यूबलाइटखाली मधोमध काळपट दिसतं. थोडी तक्रार मागे घेते, कारण हिऱ्याला तेल-तूप पटकन चिकटतं आणि माझे हात कायम कणकेत. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश, की कडा लखलखतात. उन्हात तर सुरेखच. पण मधला काळोख धुऊन जात नाही. खालचे पैलू जास्त उभे असले की वरून शिरलेला प्रकाश आत उलटून परत येण्याऐवजी खालून निसटतो. हिऱ्यांच्या पैलूंचं गणित मांडणाऱ्या टोलकोव्स्कीने 1919 साली कोन मांडून ठेवलेत : वरच्या पैलूंचा उतार 34.5 अंश, खालच्यांचा 40.75. शंभर वर्षं झाली की हो!

दुकानात घेताना मात्र तासभर रंग आणि क्लॅरिटीचंच (आतल्या डागांचंच) पुराण. व्हीव्हीएस आहे म्हणे, म्हणजे डाग अगदीच बारीक; व्हीएस त्याच्या खालची पायरी. भिंगाशिवाय व्हीएस आणि व्हीव्हीएसमधला फरक मला काय, जाऊबाईंनाही दिसत नाही. प्रमाणपत्रावर कटपुढे, म्हणजे पैलूंच्या घडणीपुढे, ‘गुड’ छापलंय, आणि हे ‘गुड’ हिरे तपासणाऱ्या जीआयए या संस्थेच्या उतरंडीत एक्सलंट, व्हेरी गुडनंतर तिसरं. दुकानातल्या त्या स्पॉटलाइटखाली काचसुद्धा चमकेल.

एक्स्चेंज करा म्हणतात, पण घट कापून आणि त्याहून महागडीच वस्तू घ्यायची. नको. नखी घट्ट करून घेतली, तेवढेच पैसे दिले. दिवाळीला टॉप्स घ्यायचेत. एक्सलंट कट, रंग एच किंवा आय (अगदी पांढऱ्याशुभ्र डीपासून थोडा खाली) चालेल, वजन 45 सेंटच्या आत, आणि व्यास मिलिमीटरमध्ये बिलावर लिहून हवा. लिहीत नसतील तर दुसरं दुकान.