रिस्क ओएस आणि पाय ४: वर्षभराच्या वापरानंतर

माझा रास्पबेरी पाय ४ गेला. पत्त्यांच्या कॅटाएवढा हा संगणक; त्यावर मी विंडोजऐवजी रिस्क ओएस ही जुनी ब्रिटिश ऑपरेटिंग सिस्टिम चालवत होतो. लाल दिवा लागतो, हिरवा लुकलुकत नाही, स्क्रीन काळी ती काळीच. ज्याच्याकडून घेतला त्या दुकानदाराने 'बोर्ड जळालाय, वॉरंटीत बसत नाही' म्हणून हात झटकले आणि वर सल्ला दिला, 'पाय ५ घेऊन टाका ना, सगळं तसंच चालतं.' सगळं चालत असेल, रिस्क ओएस चालत नाही. ते का चालत नाही हे त्याला काउंटरवर उभ्या उभ्या सांगता येईना, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

पाय ५ मधला कॉर्टेक्स-ए७६ प्रोसेसर ३२ बिट कोड फक्त साध्या प्रोग्रामच्या पातळीवर चालू देतो, ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवर नाही. रिस्क ओएसचा बराचसा गाभा ३२ बिट आर्म असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्याच भाषेत, हाताने लिहिलेला आहे. नुसतं कंपाइल करून, म्हणजे यंत्राकडून भाषांतर करून, भागत नाही, तो भाग ६४ बिटसाठी नव्याने लिहावा लागतो. तोवर पाय ४ ही आपली हद्द.

वापराबद्दल थोडक्यात सांगतो, बाकी माहिती तुम्हाला असणारच. वीज दिली की काही सेकंदांत डेस्कटॉप हजर. एफ १२ दाबून बीबीसी बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा उघडता येते. शाळांना संगणक देणाऱ्या सरकारी क्लास योजनेत बीबीसी मायक्रो या संगणकावर हात बसलेल्यांना ती लगेच ओळखीची वाटेल. ५.३० या आवृत्तीपासून वायफायही आहे, त्यामुळे खोलीभर पसरलेली वायर गेली. फाइल सेव्ह करायला तिचं चित्र उचलून फोल्डरच्या खिडकीत टाकायचं, हे पहिल्या महिन्यात मला जाचक वाटलं होतं. आता ऑफिसच्या विंडोजवर सेव्हची चौकट उघडली की तीच आडमुठी वाटते. चारपैकी एकच कोर वापरला जातो. माझ्या कामाला तो पुरतो. एखादा प्रोग्राम अडला तर अख्खा डेस्कटॉप थिजतो, मग ऑल्ट-ब्रेक दाबून तो प्रोग्राम बंद करायचा.

माझी खरी तक्रार माउसची आहे. इथे मेन्यू मधल्या बटणावर असतो आणि तो दिवसभर लागतो. आजकालच्या स्वस्त माउसला मधलं बटण म्हणजे ते चाक. चाक दाबायला जावं तर ते आधी फिरतं, खालची खिडकी सरकते आणि मेन्यू भलत्याच फाइलचा उघडतो. संध्याकाळपर्यंत बोट दुखतं. खऱ्या तीन बटणांचा माउस शोधला तर त्याची किंमत बघून डोळे पांढरे व्हायची वेळ. शेवटी जुन्या बाजारातून एक वायरवाला उचलला, आणि मगच ही सिस्टिम मला आवडायला लागली. घेणाऱ्याने आधी माउसची सोय करावी.

आता लायसन्सचं.

सप्टेंबर १९९८ मध्ये ही सिस्टिम बनवणाऱ्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने डेस्कटॉपचा विभाग बंद केला; फीबी हा नवा संगणक बाजारात येण्याआधीच रद्द झाला. १९९९ मध्ये रिस्कओएस लिमिटेडने सिस्टिम पुढे नेण्याचं लायसन्स मिळवलं, पण मूळ कोडची मालकी सेट-टॉप बॉक्स बनवणाऱ्या पेसकडे गेली. आर्मच्या नव्या चिपांतून मेमरीचे पत्ते देण्याची जुनी २६ बिट पद्धत जाणार होती, म्हणून पेसने कोड ३२ बिटवर आणला. तिकडे रिस्कओएस लिमिटेड जुन्या मशिनांसाठी २६ बिटचीच शाखा वाढवत राहिली आणि 'सिलेक्ट' नावाने निघणाऱ्या तिच्या सुधारित आवृत्त्यांची वार्षिक वर्गणी घेत राहिली. २००२ मध्ये कॅसल या कंपनीने आयोनिक्स मशीन आणि रिस्क ओएस ५ आणलं, २००३ मध्ये पेसकडून मालकीही घेतली. सातबारा एकाच्या नावावर, कसणारा दुसरा, आणि बांधावर रोजची भांडणं, तशी गत झाली. २००४ मध्ये रिस्कओएस लिमिटेडचं लायसन्स रद्द होण्यापर्यंत वेळ आली. पुढे तडजोड झाली, पण दोन शाखा एक झाल्याच नाहीत.

त्याचा भुर्दंड आज माझ्यासारख्याला पडतो. सिलेक्टमध्ये झालेलं काम पायवर नाही. जुने २६ बिट प्रोग्राम एम्युलेटरशिवाय, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामशिवाय, चालत नाहीत. मूठभर ग्राहक, त्यांचेही दोन तट; प्रोग्राम लिहिणाऱ्याने कोणासाठी लिहायचं? २००६ मध्ये रिस्क ओएस ओपन ही कंपनी उभी राहिली, कोड पाहायला मिळू लागला, त्यामुळेच २०१२ मध्ये ही सिस्टिम पायवर आली. तरी धंद्यासाठी वापरायची तर कॅसलला पैसे द्यावे लागत, आणि लिनक्सच्या जीपीएल या मोकळ्या लायसन्सशी त्या अटींचा मेळ बसत नसे. आर्मने ६४ बिटची घोषणा केली २०११ मध्ये. त्या वेळी हा कोड निर्धोक मोकळा असता तर ते काम कधीच मार्गी लागलं असतं, असं माझं ठाम मत आहे. अपाची २.० हे खरोखर मोकळं लायसन्स आलं ते थेट ऑक्टोबर २०१८ मध्ये, रिस्क ओएस डेव्हलपमेंट्सने कॅसल विकत घेतल्यावर.

या लायसन्सची किंमत मला बोर्ड जळाल्यावर कळली. मेलेल्या पाय ४ मधलं कार्ड काढलं, कपाटातल्या जुन्या पाय ३ मध्ये घातलं आणि वायर लावली. माझा डेस्कटॉप जसाच्या तसा उभा राहिला, चित्रं जागच्या जागी. नव्या मशीनची नोंदणी नाही, लायसन्सची की (चावी) मागितली नाही, कोणाच्या सर्व्हरला विचारणं नाही. गेल्या वर्षी मी याला छंदापुरतं म्हटलं असतं. आता माझ्या हिशेबाच्या आणि टिपणांच्या फाइली इथेच राहणार.

पाय ४ मिळतोय तोवर एक जादा घेऊन ठेवा, जुना चालेल. देवनागरी टायपिंगसाठी मात्र दुसरं मशीन लागतंच. हा लेखही तिथेच लिहिलाय. पाय ५ चे वाचलेले पैसे मी रिस्क ओएस ओपनच्या ६४ बिटच्या कामाला पाठवणार आहे. आणि रिस्क ओएस ४ व ६ ची, म्हणजे सिलेक्टवाली, शाखा ज्यांच्या हाती आहे त्यांनी तिचा कोडही मोकळा करावा. त्यातून आता कोणाचा धंदा बुडणार नाही, आणि आम्हाला ते काम पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागणार नाही.