रन्क्स-२ की ऑस्टेरिक्स? प्रकल्पाचे जनुक निवडताना

मूलपेशींपासून ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड घडवणाऱ्या पेशी, तयार करायचे ठरले की प्रश्न येतो: नजर कशावर ठेवायची, रन्क्स-२ वर की ऑस्टेरिक्सवर? दोन्ही प्रथिने डीएनएला चिकटून इतर जनुकांना कामाला लावतात. त्यांतले एक जरी नसले तरी हाड होत नाही. म्हणून बरेच जण हाताशी येईल ते घेतात. तसे करू नका.

१९९७ मध्ये रन्क्स-२ नसलेले उंदीर तयार झाले. त्यांचा सांगाडा कूर्चेचाच राहिला आणि पिल्ले जन्मताच श्वास न घेता आल्याने मेली. २००२ मध्ये ऑस्टेरिक्स काढून टाकलेल्या उंदरांतही हाड नव्हते, पण त्यांच्या पेशींत रन्क्स-२ हजर होते. उलट रन्क्स-२ नसलेल्या पिल्लांत ऑस्टेरिक्सचा पत्ता नव्हता. म्हणजे रन्क्स-२ आधी, ऑस्टेरिक्स नंतर. इतका सरळ पुरावा जीवशास्त्रात क्वचित हाती लागतो.

प्रयोगशाळेत या क्रमाला फार महत्त्व आहे. रन्क्स-२ लवकर येते आणि परिपक्व होणाऱ्या कूर्चापेशींतही भरपूर असते, त्यामुळे ते दिसले म्हणजे हाडच होणार असे नाही. एमसी३टी३-ई१ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या, हाडाच्या वाटेवरच्या उंदराच्या पेशींत तर ते प्रयोग सुरू होण्याआधीच असते. शिवाय त्या प्रथिनाला फॉस्फेट जोडले जाते की नाही, यावरही त्याचे काम ठरते. नुसता आरएनए मोजून ते कळत नाही. जास्त म्हणजे चांगले, हेही खरे नाही: ऑस्टिओब्लास्टमध्ये रन्क्स-२ मुद्दाम वाढवलेल्या उंदरांची हाडे विरळ झाली आणि मोडली, कारण पेशी पक्व होईनात. ऑस्टेरिक्सही कूर्चापेशींत थोडे सापडते, पण पेशी हाडाच्या वाटेला लागल्याची खूण म्हणून माझा भरवसा त्याच्यावर जास्त आहे.

माणसांतल्या आजारावर काम असेल तर निवड बदलते. रन्क्स-२ च्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडली तरी बाळाची टाळू लवकर भरत नाही, गळ्याजवळची हाडे अपुरी राहतात, जादा दात येतात. कवटी किंवा दातांचा विषय असेल तर रन्क्स-२ च घ्या. ऑस्टेरिक्सच्या दोन्ही प्रती बिघडल्याने हाडे ठिसूळ होतात, पण असे रुग्ण फार दुर्मीळ.

एकाच अँटीबॉडीचे, म्हणजे ठरावीक प्रथिन ओळखून दाखवणाऱ्या रेणूचे, पैसे असतील तर ऑस्टेरिक्सची घ्या. रन्क्स-२ आरएनएवर बघा आणि पहिल्या दिवशीचा, पेशींना हाडाकडे वळवणारे औषध घालण्यापूर्वीचा नमुना जपून ठेवा. तो नसेल तर नंतरच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार?