अकरा महिने, ६,२०० किलोमीटर आणि १९८२ची मोटो गुझी ले मान्स

गेल्या वर्षी मार्चमध्ये ही इटालियन मोटरसायकल घरी आली, त्याच रात्री पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी अर्धं आयुष्य येझदीवर काढलंय, त्यांना दाखवल्याशिवाय चैन पडेना. फोन इंजिनाजवळ धरला आणि सेल्फ मारला. लाल टाकी, मधोमध पांढऱ्या तबकडीचा भलामोठा टॅकोमीटर, यातलं काही त्यांनी पाहिलंच नाही. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "एक सिलिंडर मिस करतोय का रे?"

मी हसलो. म्हटलं, बाबा, ही नव्वद अंशांची व्ही-ट्विन आहे, दोन सिलिंडर इंग्रजी व्हीसारखे. एक ठोका पडला की दुसरा क्रँकच्या २७० अंशांवर, आणि मग थेट ४५० अंशांची फट. ही अशीच लंगडत बोलते. ते "बरं" म्हणाले. बाबांचं "बरं" म्हणजे पटलेलं नसतं.

मी राहतो इटलीत, लेक्कोला, कोमो तलावाच्या पूर्वेकडच्या फाट्याच्या टोकाला. गुझीचं गाव मांदेल्लो देल लारिओ इथून दहाएक किलोमीटर. कंपनी १९२१ पासून त्याच गावात आहे. १९५० साली त्यांनी तिथे अख्खी मोटरसायकल मावेल एवढा वाऱ्याचा बोगदा बांधला, तो अजून उभा आहे. शनिवारी सकाळी त्या रस्त्यावर गुझीचा आवाज येत नाही असं होत नाही. पाच वर्षं ते ऐकत राहिलो आणि शेवटी घेतली. किंमत लिहीत नाही, बायको वाचते.

माझी गाडी ले मान्सची तिसरी आवृत्ती, ८४४ सीसी. १९७६ची पहिली आवृत्ती दिसायला जास्त देखणी, पण तिचे भाव आता माझ्यासारख्या नोकरदाराचे राहिले नाहीत. तिसऱ्या आवृत्तीत आतून निकासिलसारखा कठीण थर दिलेली सिलिंडरं आहेत, त्यांची झीज कमी. रोज चालवायला हीच बरी असं इथले जुने लोक सांगतात, आणि अकरा महिन्यांत मला तरी वेगळं म्हणायला जागा सापडली नाही.

पहिला महिना मात्र खरं सांगायचं तर पस्तावलो. क्लच जड. अ‍ॅक्सिलरेटर त्याहून जड, कारण दोन्ही ३६ मिलिमीटरच्या देल्लोर्तो कार्बोरेटरांच्या स्प्रिंगा मनगटाने ओढायच्या. लेक्कोच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटांत हात भरून येतो. सिग्नलला उभं राहून रेस केली की गाडी उजवीकडे कलंडू बघते. क्रँकशाफ्ट लांबीच्या दिशेने बसवलाय, तो फिरायला लागला की बाकीच्या गाडीला उलट हिसका बसतो. पहिल्यांदा झालं तेव्हा मी दोन्ही पाय घट्ट रोवले. मागच्या रिक्षेने ढकललं असं वाटलं होतं. इथे रिक्षा नाहीत हे नंतर आठवलं.

ब्रेकचंही तसंच. पायाचा ब्रेक दाबला की मागची डिस्क आणि पुढची डावी डिस्क एकदम लागतात. हाताचा लीव्हर फक्त पुढच्या उजव्या डिस्कचा. पल्सरवर शिकलेल्या माणसाला पाय जपून वापरायची सवय, त्यामुळे पहिले काही दिवस ही गाडी थांबतच नाही असं वाटायचं. आता पाय सरावलाय. ओल्या रस्त्यावर याइतकी शहाणी व्यवस्था मी त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या गाडीवर चालवलेली नाही.

चेन नाही, शाफ्ट आहे. तेल लावा, ताण बघा ही कटकट नाही, पण शाफ्ट आपला हिशेब वळणात मागतो. अ‍ॅक्सिलरेटर दिला की गाडीची मागची बाजू उचलते, सोडला की खाली बसते. वळणाच्या मध्यावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडलात तर गाडी बसते, पाइप रस्त्याला टेकायला लागतो आणि तुम्ही ठरवलेली रेघ सुटते. म्हणून वळणाच्या आधीच ब्रेक, आधीच गियर, आणि आत शिरलं की अ‍ॅक्सिलरेटर हलकासा उघडा ठेवायचा. शेजारचे आजोबा, तरुणपणी गुझीवालेच, रोज एकच शब्द सांगायचे: पियानो. म्हणजे सावकाश. मला वाटायचं वेग कमी कर म्हणतायत. मे महिन्यात बेल्लाजोहून गिझाल्लोच्या घाटात चढताना उमगलं की ते माझ्या मनगटाबद्दल बोलत होते.

त्या चढावर तिसऱ्या गियरमध्ये, चार हजार आरपीएमच्या आसपास, पहिल्यांदा गाडी मोकळी सुटली. लंगडणं थांबलं, हँडलची थरथर विरली आणि खालून एक लांबलचक, घोगरी ओढ लागली, बैलाने जू खांद्यावर घेऊन पाय रोवावेत तशी. फ्रेम जराही डुलत नाही. ही गुझीचे इंजिनिअर लिनो तोंतींची करामत. १९७१च्या व्ही-७ स्पोर्टसाठी त्यांनी इंजिनाच्या डोक्यावरचा डायनामो काढला, पुढे क्रँकच्या टोकाला अल्टरनेटर बसवला, आणि त्या मोकळ्या जागेतून फ्रेमच्या नळ्या सरळ मागे नेल्या. गाडी बुटकी झाली ती त्यामुळे. खालच्या दोन नळ्या सुट्या होतात, म्हणून इंजिन उतरवायला फ्रेम आडवी येत नाही. एक डायनामो काढला आणि पुढची कितीतरी वर्षं गुझीच्या मोठ्या गाड्या त्याच फ्रेमवर निघाल्या. गॅरेजमध्ये टाकी काढून बसलो की मी अजून त्या नळ्यांवरून बोट फिरवतो.

देखभाल. टॅपेट सेट करणं हे सुख आहे. दोन्ही सिलिंडर बाहेर डोकावतात, टाकीला हात लावावा लागत नाही. पाट घेऊन बसायचं, कव्हरचे बोल्ट काढायचे, फिलर गेज सरकवायचं. चहा निवायच्या आत एक बाजू होते. ऑइल फिल्टर मात्र संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, आत दडवलाय, म्हणजे फिल्टर बदलायचा तर अख्खा संप खाली उतरवा. हे ज्याने ठरवलं त्याने स्वतः कधी फिल्टर बदलला नसावा. एव्हरेज १६-१७ मिळतं. टाकी २५ लिटरची, त्यामुळे पंपावर सारखं जावं लागत नाही.

पंपावरूनच आठवलं. साइड स्टँड स्प्रिंगचा आहे, गाडीचं वजन जरा उचललं गेलं की आपसूक मिटतो. ऑगस्टमध्ये बेल्लानोच्या पंपावर पैसे द्यायला आत गेलो. दुपारचा ब्रेव्हा सुटला होता, तलावावरून दक्षिणेकडून येतो तो वारा. काचेतून पाहतो तर गाडी हळूच सरळ झाली, क्षणभर तशीच उभी राहिली आणि डाव्या अंगावर पडली. चूक माझी, उतारावर लावली होती. डाव्या सिलिंडरच्या कव्हरवर तीन बोटं लांब ओरखडा. टाकीला काही नाही. पंपावरच्या पोऱ्याने उचलायला हात दिला आणि म्हणाला, सिलिंडर बाहेर काढलेत ते यासाठीच. ओरखडा तसाच ठेवलाय.

घ्यावी का? शहरात ऑफिसला जायला नको. दोघांना फिरायचं असेल तरी विचार करा, मागची सीट नावापुरती आहे आणि आमच्याकडे तो विषय बंद झालाय. पण सकाळी लवकर उठून दोनशे किलोमीटर एकट्याने जाऊन दुपारी जेवायला घरी यायची सवय असेल, आणि हात काळे व्हायचं वावडं नसेल, तर एकदा चालवून बघा. एकदा म्हणजे महिनाभर. पहिल्या दिवशी ही कुणालाच आवडत नाही. भारतातल्यांना मजा म्हणून सांगतो, २००४ पासून गुझी पियाजिओकडे आहे, म्हणजे बारामतीत बनणाऱ्या आपेची ही लांबची मावशी.

जूनमधली एक गोष्ट सांगायची राहिली. दोन्ही बाजू सारखं ओढतात का हे दाखवणारी नवी व्हॅक्युम गेजं आणली म्हणून दोन्ही कार्बोरेटरांना सहज लावून पाहिली. डाव्या बाजूची अ‍ॅक्सिलरेटर केबल सैल होती. दोन्ही बाजू सारख्या चालत नव्हत्या, पहिल्या दिवसापासून. म्हणजे मी बाबांना २७० आणि ४५०चं गणित शिकवत होतो तेव्हा एक सिलिंडर खरोखरच मागे पडत होता. तासाभरात जुळवलं. लंगडणं तेच राहिलं, पण त्यातली धाप गेली.

लगेच कॉल लावला. बाबांनी पुन्हा डोळे मिटले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"आता ठीक आहे," म्हणाले. "पण टॅपेट वाजतायत."

गुझीचे टॅपेट थोडे वाजतातच, हे तोंडावर आलं होतं. म्हटलं, इंजिन गार झालं की उद्या सकाळी उघडून बघतो.