दोन ईसीयू, एक स्विफ्ट: होळी ते दिवाळी

आधी निकाल सांगून टाकतो. गाडी पूर्ण स्टॉक, म्हणजे कंपनीने दिली तशी असेल, तर फॅक्टरी ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) जोडीला दुसरा बसवायच्या भानगडीत पडू नका. फॅक्टरी ईसीयू ऑक्सिजन सेन्सरच्या जोरावर हवा-पेट्रोलचं मिश्रण आपलं आपण सावरून घेतो, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाला नुसता डबा बदलून ताकद येत नाही. माझ्या पहिल्या पिढीच्या 1.3 पेट्रोल स्विफ्टमध्ये कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) बदलला आहे, जोडीला एक्झॉस्टचा 4-2-1 हेडर. अशा कॅमने आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, इनटेकमधला व्हॅक्यूम कमी पडतो. मॅप सेन्सरवर (इनटेकमधला दाब मोजणाऱ्या) हिशेब करणाऱ्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिनावर लोड आलाय, आणि तो पेट्रोल ओतत बसतो. सिग्नलला उभं राहिलं की मागच्या स्कूटरवाल्याचे डोळे चुरचुरायचे.

म्हणून होळीच्या सुमारास स्पीडुइनो बसवला. हा ओपन सोर्स ईसीयू आहे, आर्डुइनो मेगावर चालतो, ट्यूनिंग लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओमधून. फॅक्टरी ईसीयू काढला नाही, कारण एसीचा क्लच, रेडिएटरचा पंखा, टॅकोमीटर आणि आयडल व्हॉल्व्ह त्याच्याच हातात आहेत. इंदूरच्या मे महिन्यात एसी सोडायची माझी तयारी नाही. इंजेक्टर आणि कॉइल मात्र नव्याकडे दिले. जुन्याला चकवायला त्याच्या इंजेक्टरच्या वायरींवर 47 ओहम, 10 वॉटचे रेझिस्टर लावले, नाहीतर सर्किट उघडं म्हणून तो चेक लाइट पेटवतो. हे रेझिस्टर चांगलेच तापतात. प्लॅस्टिकला चिकटवू नका, पत्र्यावर बसवा.

क्रँकचा सिग्नल, म्हणजे इंजिन किती फिरलं ते सांगणारा, वाटून घेतला नाही. मॅग्नेटिक पिकअपची वायर दोघांना दिली की सिग्नल कमजोर होतो आणि नॉइज शिरतो. त्यापेक्षा सांवेर रोडला 36-1 दातांचं (36 पैकी एक दात गाळलेलं) चाक कापून घेतलं, पुलीवर बसवलं आणि वेगळा हॉल सेन्सर लावला. या कामात पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा.

खरी गंमत तापमानाच्या सेन्सरने केली. कूलंट सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, गरम झाला की रेझिस्टन्स उतरतो. ईसीयूच्या आत 5 व्होल्टला जोडलेला पुल-अप रेझिस्टर असतो, त्या दोघांच्या मधला व्होल्टेज बघून तापमान निघतं. वायरिंगवाल्याने एकाच सेन्सरची वायर दोन्ही डब्यांना जोडली, म्हणजे पुल-अप झाले दोन. दोन समांतर रेझिस्टर मिळून रेझिस्टन्स साधारण निम्मा, व्होल्टेज चढला, आणि दोन्ही कॉम्प्युटरांना इंजिन थंड वाटू लागलं. लॅपटॉपवर 74 अंश, स्कॅनरवर फॅक्टरी ईसीयूही जवळपास तेवढंच. दोघांचं एकमत, त्यामुळे शंका कोण घेणार? पण एसी बंद असताना राजवाड्याच्या गर्दीत पंखा काही केल्या सुरू होईना. घरी येऊन थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगवर इन्फ्रारेड गन धरली तर 95! दोन साक्षीदार, पण दोघं एकच खोटं सांगत होते. त्यात थंड इंजिन समजून नवा ईसीयू पेट्रोलही जास्त देत होता. शेवटी स्पीडुइनोच्या बोर्डावरचा पुल-अप काढून टाकला आणि फॅक्टरीच्या पुल-अपप्रमाणे कॅलिब्रेशन नव्याने भरलं. इनटेक हवेच्या सेन्सरलाही हेच लागू. थ्रॉटल पोझिशनला ही अडचण नाही, तिथे फक्त सिग्नलची वायर घ्यायची. दोन डब्यांचे 5 व्होल्ट मात्र एकमेकांना कधीही जोडू नका.

दुसरा घोळ आयडलचा. व्हॉल्व्ह फॅक्टरीकडे, तर नव्यात इग्निशन पुढे-मागे करून आरपीएम धरायचं फीचर चालू. एक वर ओढतोय, दुसरा खाली. सुई 700 ते 1200 नाचायची, एसी लागला की आणखी. नव्याचं आयडल कंट्रोल पूर्ण बंद केलं आणि नाच थांबला. तेव्हापासून माझा नियम साधा आहे: ऐकायला दोघं चालतील, हुकूम एका जागी एकाचाच.

ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी एक सूचना. वाइडबँड, म्हणजे मिश्रण नेमकं मोजणारा ऑक्सिजन सेन्सर, लावणार असाल (माझा बॉशचा एलएसयू 4.9 आहे), तर आकडे लॅम्डात बघा; इंधन कोणतंही असो, आदर्श मिश्रणाला लॅम्डा 1 असतो. साध्या पेट्रोलचं हवा-पेट्रोलचं आदर्श प्रमाण 14.7, ई20 चं साधारण 13.5. पेट्रोल किती द्यायचं याचं जुनं टेबल तसंच ठेवलं तर इंजिन आठ-नऊ टक्के लीन जातं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि 14.7 धरून आकडे दाखवणारं गेज तुम्हाला फसवतं.

इंदूर साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. वेगळा बॅरो सेन्सर नसेल तर स्पीडुइनो हवेचा दाब फक्त चावी लावताना वाचतो. मानपूरचा घाट उतरून नर्मदेकाठी खलघाटला गेलो की मिश्रण थोडं सरकलेलं दिसतं. गाडी बंद करून चहा घ्यायचा, परत स्टार्ट केली की जागेवर. (पिथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, पण तो टेस्टिंगसाठी. आपल्या नशिबी पहाटेचा रिकामा रस्ता आणि शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेला मावसभाऊ. गाडी चालवता चालवता स्वतः ट्यून करू नका.)

दोन गोष्टी विकणारे सांगत नाहीत. इमोबिलायझर चोराला अडवतो तो इंजेक्टर आणि स्पार्क बंद ठेवून. ते आता फॅक्टरीकडे नाहीतच. मी नव्याच्या पॉवरला लपवलेला स्विच दिला आहे. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असे फेरफार मर्यादित करतं, शिवाय विमा कंपनी क्लेमच्या वेळी बोट ठेवू शकते. पीयूसी निघाली म्हणजे सगळं कायदेशीर झालं असं नाही.

पावसाळा निर्धोक गेला, कारण बोर्ड ग्लोव्हबॉक्सच्या मागे आहे. तो वॉटरप्रूफ नाही, बॉनेटखाली ठेवू नका. अ‍ॅव्हरेज शहरात आधीपेक्षा बरं, हायवेला जवळपास तेच. पेट्रोलचा वास गेला, बायको मागच्या सीटवरून पुढे आली. कोल्ड स्टार्टचं टेबल अजून कच्चं आहे, सकाळी पहिल्यांदा दोनदा सेल्फ मारावा लागतो. थंडी चांगली पडली की तेवढं बसवायचं बाकी आहे.