इसार देण्याआधी: पुळण, खाडी की नदीकाठ?

ओळखीतल्या एका जोडप्यासमोर सध्या तीन जागा आहेत. तिन्ही साधारण दहा-दहा गुंठ्यांच्या, तिन्हींना पाणी लागून. एक सिंधुदुर्गात पुळणीला (समुद्राच्या वाळूला) चिकटलेली नारळाची बाग, दुसरी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी, तिसरी सांगलीकडे कृष्णेच्या काठावर. तिन्ही एजंटांचं वाक्य एकच: "सातबारा क्लिअर आहे, परवानगी होऊन जाईल." सातबारा जमीन कोणाची ते सांगतो. त्या जमिनीच्या कुठल्या कोपऱ्यात जोतं घालता येईल, हे त्यावर लिहिलेलं नसतं. आणि तेच तिन्ही ठिकाणी वेगवेगळं आहे.

आधी पुळण, कारण मोह तिथेच जास्त. समुद्रकाठचं बांधकाम सीआरझेडच्या (कोस्टल रेग्युलेशन झोन, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या) अधिसूचनेखाली येतं. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, मग २०११ ची, आणि आता १८ जानेवारी २०१९ ची. अंतर पाण्यापासून नव्हे, भरतीरेषेपासून मोजतात, म्हणजे उधाणाचं पाणी जिथवर चढतं तिथून. त्या रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत सीआरझेड. खेड्यातल्या किनाऱ्यावर त्यातले पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र. २०१९ ने दाट वस्तीच्या गावांसाठी हे अंतर ५० मीटरवर आणलं आणि एजंट हाच आकडा ऐकवतात. पण दाट वस्ती म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त माणसं. सिंधुदुर्ग जिल्ह्याची सरासरी आहे १६३. तेव्हा ती सवलत आपल्याला नाही असंच धरून चालावं. शिवाय २०१९ च्या सवलती लागू व्हायला त्या जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा नव्या अधिसूचनेप्रमाणे मंजूर असावा लागतो. तो नसेल तर जुनाच हिशोब.

कोकणातल्या बागा रस्त्यापासून समुद्राकडे लांबट पट्ट्यांत उतरतात. दहा गुंठ्यांचा असा पट्टा बहुधा सगळाच २०० मीटरच्या आत जातो. तिथे नारळ-सुपारी लावा, हरकत नाही. जुनं अधिकृत घर असेल तर त्याच जोत्यावर, तेवढ्याच चटई क्षेत्रात (एफएसआयमध्ये) दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी होते. नवं घर नाही. २०० मीटरच्या पलीकडे घर होऊ शकतं, तळमजला अधिक एक, उंची नऊ मीटरपर्यंत. पण अधिसूचनेची भाषा गावठाणं, कोळीवाडे आणि तिथल्या पारंपरिक हक्कांची आहे. शहरातून येऊन मोकळी जागा घेणाऱ्याचा अर्ज नेमका याच शब्दांवर अडू शकतो.

"मग छोटं रिसॉर्ट टाकू" हा पुढचा विचार. रिसॉर्टसाठी भूखंड किमान ०.४ हेक्टर हवा, म्हणजे जवळजवळ एकर, आणि सगळे मजले मिळून बांधकाम त्याच्या ३३ टक्क्यांपर्यंत. दहा गुंठ्यांत ते बसत नाही, विषय संपला. होमस्टेची मुभा आहे ती स्थानिकांना, त्यांच्या असलेल्या घरांत, जोतं आणि दर्शनी रूप न बदलता.

खाडीकाठ कागदावर सर्वांत सोपा दिसतो. २०१९ नुसार खाडीलगतचा सीआरझेड भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते. (२०११ मध्ये हेच १०० मीटर होतं.) खाडी ३० मीटर रुंद असेल तर पट्टाही ३० मीटरचा. समुद्रावरच्या २०० मीटरपुढे हे काहीच नाही, असं वाटतं. भाव कमी, गर्दी कमी, संध्याकाळी पाण्यावर बगळे. माझं स्वतःचं गाव खाडीकाठचं, त्यामुळे ही ओढ मला कळते. तरी तिघांत मी सर्वांत जास्त घाबरतो ते खाडीच्या जागेला.

कारण तिवरं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी मॅन्ग्रोव्हची झाडं. त्यांचं रान म्हणजे कांदळवन. ते असलेली जमीन सीआरझेड-१ या सर्वांत कडक वर्गात मोडते, आणि ते कांदळवन १,००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर त्याच्याभोवती आणखी ५० मीटरचा पट्टा राखावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ च्या निकालात कांदळवनाभोवतीच्या ५० मीटरमध्ये बांधकामाला मनाई केली आहे, जमीन खासगी मालकीची असली तरी. आता हे दोन हिशोब एकमेकांवर ठेवून बघा. खाडीचा पट्टा भरतीरेषेपासून मोजायचा, कांदळवनाचा मात्र शेवटच्या तिवरापासून. आणि तिवरं एका जागी थांबत नाहीत. खाजणात (खाडीकाठच्या सखल खाऱ्या जमिनीत) गाळ साचला की रोपं पुढे सरकतात. दहा वर्षांपूर्वीच्या मोजणीच्या नकाशात मोकळी दिसणारी जागा आज गुडघाभर तिवरांत उभी असू शकते.

खारजमिनीत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीत, आणखी एक मेख आहे. बांध आणि उघाडी (बांधातली पाणी सोडण्याची वाट) १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीची असेल तर भरतीरेषा त्या बांधावरच थांबते, बांधाआतली शेतं सीआरझेडबाहेर राहतात. ऐकायला बरं. पण बांध फुटून खारं पाणी आत शिरलं आणि मागे तिवरं उगवली, तर तेवढा भाग कितीही लहान असला तरी सीआरझेड-१ मध्ये जातो. तेव्हा जागा बघायला गेलात की समोरची खाडी नंतर बघा, आधी बांधावरून चालत जा आणि उघाडीची दारं धड आहेत का ते पाहा. झाडं तोडून जागा "साफ करून" देतो म्हणणाऱ्या विक्रेत्याला तिथल्या तिथे रामराम करावा.

नदीकाठाचं शास्त्र वेगळं. तिथे सीआरझेड नाही, पूररेषा आहेत आणि त्या जलसंपदा विभागाच्या. निळी रेषा ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र: बाग, वाहनतळ, मोकळ्या वापराच्या गोष्टी चालतात, नवं घर नाही. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे तिथे बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंचावर. तुमची जमीन लाल पातळीपेक्षा दोन मीटर खाली असेल तर जोतं आलं आठ फुटांवर. खांबांवरचं घर, लांबलचक जिना, वाढलेला खर्च आणि वयस्कर आईवडील, हे सगळं त्या आठ फुटांत येतं. एक गोष्ट मात्र खरेदीदाराच्या बाजूची: भूखंड निवासी विभागात असेल आणि त्याचा काही भाग पूररेषेत अडकला, तरी त्या भागाचं चटई क्षेत्र उरलेल्या जागेवर वापरू देण्याची तरतूद आहे.

म्हणून नदीचा नियम मला तिघांत सर्वांत स्पष्ट वाटतो. तुम्ही गावचे की शहरचे, हे तो विचारत नाही. अडचण एकच, सगळ्याच नद्यांवर या रेषा आखलेल्या नाहीत. नसतील तर आधी त्या ठरवून घेण्याची पायपीट. आणि चिपळूणच्या वाशिष्ठीसारखी नदी असेल, जिच्यात खालून भरती चढते, तर दोन्ही कायदे बघावे लागतात. भरतीचा प्रभाव खारटपणावर ठरतो: वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात हजारात पाच भाग क्षार जिथवर सापडतो तिथवर सीआरझेड. पूररेषा त्याच्यापुढेही असतेच. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणने ते पाहिलं.

अर्जाचं थोडक्यात. २०१९ च्या अधिसूचनेनुसार स्वतः राहण्यासाठीचं ३०० चौरस मीटरपर्यंतचं घर असेल तर स्थानिक प्राधिकरणच सीआरझेड तपासून मंजुरी देऊ शकतं. त्याहून मोठं किंवा व्यवसायाचं असेल तर प्रकरण महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे. तिथे साठ दिवसांची मुदत आहे, पण ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. परिपूर्ण म्हणजे केंद्राने अधिकृत केलेल्या संस्थेकडून १:४००० प्रमाणात तुमच्या जागेवर भरतीरेषा आखून घेतलेला नकाशा. गावातल्या आर्किटेक्टने हाताने काढलेली रेषा चालत नाही. नदीसाठी जलसंपदाचा पूररेषा दाखला आणि नगररचना विभाग, एवढ्यावर भागतं.

"ग्रामपंचायतीने परवानगी दिली आहे" यावर विसंबू नका. केरळात कोचीजवळच्या मराडूत चार गृहसंकुलांना स्थानिक पंचायतीचे परवाने होते, किनारा प्राधिकरणाची मंजुरी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशानंतर जानेवारी २०२० मध्ये ती स्फोटकं लावून पाडली.

माझं मत विचाराल तर: राहायला घर हवं असेल तर नदीकाठ, तोही लाल रेषेबाहेरचा. एकरभर जमीन आणि दोनेक वर्षांचा धीर असेल, व्यवसायच करायचा असेल, तर समुद्र, पण २०० मीटरच्या पलीकडचा. खाडीची जागा घ्यायची तर त्यावर काही बांधायचं नाही असं धरून, बागेच्या भावाने घ्यावी.

त्या जोडप्याने पुळणीचा नाद सोडला. परवा ते सांगलीकडची जागा बघायला गेले होते. २०१९ च्या पुरात कृष्णेची पातळी सांगलीच्या आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. एजंट म्हणाला, "इथवर पाणी येत नाही." शेजारच्या घरातल्या आजींनी काही न बोलता पडवीचा पडदा बाजूला केला. भिंतीवरची गाळाची रेघ जोडप्यातल्या ताईंच्या खांद्याला लागत होती.